मुळाला लागून आलेली

इथे मरणाचा रंग पांढरा.
झावळीच्या एका अंगाची पाती आधी पांढरी पडतात,
मग दुसऱ्या अंगाची,
भिजून वाळलेल्या पिसासारखी झावळी लोंबू लागते
आणि अद्दी बासू बुंध्यावर चुन्याची रेघ ओढतो.
आमच्या भाषेत पांढरी म्हणजे माणसं वसतात ती जागा.
हे त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला,
"मग तुमचं गाव दुरून कबरस्तानासारखं दिसत असेल."

एकशे सव्वीस रेघा.
द्रा नदीच्या या वळणाला पाणी
वरच्या धरणातून सोडतील तेव्हाच येतं;
बुरशी मात्र कुणी सोडायची वाट पाहत नाही,
कोरड्या पाटाखालून, मुळातून मुळात,
खजुराच्या आतल्या वाटांनी वर चढते.

फक्त पडक्या खळ्यापाशी तीन झाडं हिरवी.
मेजूलची.
मेजूल म्हणजे निनावी,
आणि या रोगापुढे सगळ्यात आधी मान टाकणारी जात हीच.
अद्दी म्हणतो, खळ्याखाली कुणी वली निजलाय.
हम्मू म्हणतो, कसला वली, तिथे गाढवं बांधायचे.
तूदा काहीच म्हणत नाही.
कोपरापर्यंत हात खड्ड्यात घालते,
बोटाएवढं मूळ तोडून दोनदा झटकते.
"पडली ती शेताची.
न पडलेली तेवढी आपली."
मी पिशवीवर आकडा लिहितो.

तीन आठवड्यांनी, झागोऱ्यात, काचेची बशी:
कापसासारखी बुरशी कडेपर्यंत पसरत आलेली
आणि एका थेंबाशी येऊन थबकलेली.
मध्ये नखाएवढी रिकामी कोर.
अद्दीने बशी खिडकीशी धरली,
डोळे बारीक करून,
रमजानचा चंद्र शोधतात तशी.
"लढतात कशाने?"
"लढतात थोडंसं. जास्त करून
मातीतलं लोह आधी गिळून बसतात.
मुळं त्यांना गोड पाजतात, आणि बुरशीपुढे येतं रिकामं ताट."
"म्हणजे माझी सासू," अद्दी म्हणाला,
"साखरेचा सुळका उशाशी घेऊन निजायची,
आम्ही जावई कडू चहा प्यायचो.
नाव काय यांचं?"
तूदाने बाटली फिरवून आकडा दाखवला.
"हेही मेजूलच तर."

पण सत्तेचाळीस नंबरच्या पिशवीतही तेच निघाले,
आणि ती पिशवी खळ्याची नव्हती.
नदीपलीकडच्या वाफ्यातली, जिथे अद्दीच्या बायकोने
नऊ वर्षांपूर्वी फुटवे लावले होते.
तूदाने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.
मग माझ्याकडे पाहिलं, आकडे माझ्या हातचे म्हणून.

इज्जा कणीक तिंबत होती.
"ओच्यातून नेली मी. दर फुटव्याला एक मूठ.
त्या मातीला बरा वास येतो."
तूदा चिडली:
"त्याच मुठीतून रोगही गेला असता!"
"गेला असता," इज्जा म्हणाली,
आणि तिने तव्यावरची रोटी उलटली.

यंदा अठ्ठावीस फुटवे लावले.
चौदांची मुळं बाटलीतल्या गढुळात बुडवून,
चौदांची नुसत्या पाण्यात.
कुठले कुठले, ते घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.
बशीत दिसली ती कोर शेतात उगवेलच असं नाही,
तूदा हे रोज एकदा बोलून दाखवते,
अद्दी रोज एकदा मान हलवतो
आणि चुन्याची बादली दाराआडच ठेवतो.

काल उन्हं उतरल्यावर इज्जा वाफ्यात ओणवी दिसली.
फुटव्याच्या बुडाची माती चिमटीत घ्यायची,
हुंगायची, परत ठेवायची, पुढे सरकायची.
मी वही घेऊन मागोमाग गेलो.
तिने बोट रोखून चौदा दाखवले.

अकरा बरोबर होते.
तूदाला मी अजून सांगितलेलं नाही.